‘ट्राय ऑन’ : प्रयत्न करणे नव्हे, घालून पाहणे

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली प्रारंभ झाला. तेव्हापासून ग्रामीण शिक्षकांसमोर ज्या अडचणी वारंवार येतात, त्यांपैकी एक दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. धड्यात अवघड शब्द आला तर शिक्षक कोश उघडतात, अर्थ फळ्यावर लिहितात आणि पुढे जातात. परंतु दोन सोपे शब्द शेजारी शेजारी आले आणि त्यांचा मिळून अर्थ निराळाच झाला, म्हणजे कोश उघडावा असे कोणासही वाटत नाही. कारण दोन्ही शब्द ‘येत’ असतात. फसगत होते ती येथेच.

शहादा तालुक्यातील एका शाळेत शाळाभेटीच्या वेळी सहावीच्या वर्गात ‘ट्राय ऑन धिस शर्ट’ हे वाक्य फळ्यावर होते. एका मुलाने त्याचा अर्थ ‘या सदऱ्यावर प्रयत्न कर’ असा सांगितला. वर्ग हसला नाही, कारण वर्गास तो अर्थ बरोबरच वाटला. ‘ट्राय’ म्हणजे प्रयत्न करणे, ‘ऑन’ म्हणजे वर, आणि ‘शर्ट’ म्हणजे सदरा. तीनही अर्थ मुलाने पाठ केलेले होते आणि तीनही कोशात आहेत. मुलाचा अभ्यास कमी पडला असे म्हणता येणार नाही. कमी पडली ती अर्थ लावण्याची रीत, आणि ती पुरविणे हे आपले काम आहे.

अशा जोडशब्दांचा त्रास केवळ आपल्यालाच होतो असे नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रख्यात इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत या प्रकाराची मुद्दाम नोंद केली आहे. क्रियापदाच्या मागे एखादे लहानसे अव्यय जोडून अर्थ बदलण्याची खोड इंग्रजीस फार आहे आणि परकीयांस सर्वांत मोठी अडचण त्यातूनच होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. या रचनेस ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र पुष्कळ उशिरा मिळाले. लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकामुळे ते रूढ झाले. नाव सुचविले होते ते ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. या लेखापुरते आपण त्यास ‘जोडक्रियापद’ म्हणू. नावाचा आग्रह नाही. पाचवीच्या मुलास ते नाव सांगण्याचेही कारण नाही.

बाजारात ‘शंभर फ्रेजल व्हर्ब्स’ अशा पुस्तिका मिळतात. कित्येक शाळांत त्यांतील याद्या भिंतीवर रंगविलेल्या आढळतात. भिंत शोभते, यापलीकडे त्यांचा उपयोग मला दिसलेला नाही. एकच जोडक्रियापद घ्यावे, ते मुलाच्या अंगवळणी पडेपर्यंत वापरावे आणि त्यातून पुढच्यांची वाट दाखवावी, हे अधिक बरे. ‘ट्राय ऑन’ या कामास फार सोयीचे आहे, कारण ते अक्षरशः अंगावर घालून दाखविता येते.

प्रथम ‘ट्राय’ या शब्दाकडे वळू. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ निवडणे, चाळणे, वेगळे काढणे असा आहे. सुपात धान्य घेऊन खडे निवडावेत, तसा. खरे आणि खोटे निवडणे म्हणून तो न्यायालयात गेला. तेथे ‘ट्राय’ म्हणजे खटला चालविणे आणि ‘ट्रायल’ म्हणजे खटला. चांगले आणि वाईट निवडणे म्हणून तो परीक्षा घेणे, कसोटी लावणे या अर्थी रुळला. ‘प्रयत्न करणे’ हा अर्थ या सर्वांमागून आला. आपण शाळेत मात्र हा शेवटचा अर्थ पहिल्या दिवशी शिकवितो आणि त्यावरच थांबतो. ‘ट्राय ऑन’मध्ये आहे तो जुना अर्थ, पारखण्याचा. सदरा अंगावर चढवून तो पारखावयाचा आहे. प्रयत्नांची शर्थ करावयाची नाही.

हा जुना अर्थ आपल्या शिंप्यांनी जपून ठेवला आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. लग्नसराईत कोट शिवावयास टाकला की शिंपी कच्चा धावदोरा घालून तो उभा करतो आणि गिऱ्हाइकास सांगतो, ‘चार दिवसांनी ट्रायलला या.’ गिऱ्हाईक जाते, कोट अंगात घालते, खांदा कोठे उतरतो, बाही किती लांब होते ते शिंपी पाहतो, खडूने खुणा करतो आणि मग पक्की शिलाई घालतो. शहाद्याच्या तयार कपड्यांच्या दुकानांतूनही आता ‘ट्रायल रूम’ अशी पाटी असते. इंग्लंडात या खोलीस ‘फिटिंग रूम’ किंवा ‘चेंजिंग रूम’ म्हणतात. ‘ट्रायल रूम’ हा आपल्या देशातला प्रयोग आहे. तो अशुद्ध म्हणून नाक मुरडू नये. ज्या मुलाने ती पाटी वाचली आहे, त्याला ‘ट्राय ऑन’चा अर्धा अर्थ आधीच कळलेला आहे. त्याला एवढेच विचारावे, ‘त्या खोलीत जाऊन माणसे काय करतात?’

या प्रश्नाचे उत्तर मूल मराठीत देईल ते असे : ‘कपडे घालून पाहतात.’ ह्या उत्तरातच सारे मर्म आहे.

‘घालून पाहणे’ यातील ‘पाहणे’ डोळ्यांनी पाहणे नव्हे. आपण चाखून पाहतो, हुंगून पाहतो, विचारून पाहतो, वाजवून पाहतो. बाजारात मडके घेताना बोटाने ठोकून पाहतो, कलिंगड थापटून पाहतो. चाखण्यात डोळ्यांचा संबंध नाही आणि विचारण्यातही नाही. अंध मनुष्यही फूल हुंगून पाहतो. येथे ‘पाहणे’ आपला मूळ अर्थ सोडून केवळ साहाय्यास आले आहे. कृती करावी आणि तिचा परिणाम काय होतो तो अजमावावा, एवढा अर्थ ते पुरविते. मराठी व्याकरणात अशा रचनेस संयुक्त क्रियापद म्हणतात. म्हणजे दोन शब्द एकत्र येऊन तिसराच अर्थ होण्याचा प्रकार आपल्या भाषेत भरपूर आहे आणि आपली मुले शाळेत येण्यापूर्वीच तो बिनचूक वापरीत असतात. ‘येऊन जा’, ‘देऊन टाक’, ‘करून बस’, ‘बोलून गेला’ यांतील दुसऱ्या क्रियापदाचा अर्थ कोशात पाहून कोणी लावीत नाही. ‘देऊन टाक’ असे म्हटल्यावर मूल वस्तू जमिनीवर टाकीत नाही. जे काम मराठीत मागून येणारे क्रियापद करते, ते इंग्रजीत पुष्कळदा ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘अप’ ही अव्यये करतात, असे एकदा मुलांस दाखविले म्हणजे त्यांची भीती पुष्कळ कमी होते.

आपल्या भागातील मुलांच्या घरची भाषा प्रमाण मराठीच असते असे नाही. कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी गुजर बोली, तर सातपुड्याच्या पायथ्याकडील गावांत भिली आणि पावरी. गुजरात तर हाकेच्या अंतरावर. गुजरातीत ‘पहेरी जो’ म्हणतात, हिंदीत ‘पहनकर देखो’. दोन्हींत शेवटी आहे ते पाहणेच. अहिराणी बोलणारे मूल ‘करी देख’ म्हणते, तेव्हा तेही हेच सांगत असते. भिली आणि पावरी बोलणाऱ्या मुलांना शिक्षकांनी स्वतःच विचारावे, ‘नवा सदरा अंगाला होतो की नाही हे बघायला आई काय म्हणते?’ मुले जे वाक्य सांगतील ते फळ्यावर देवनागरीत लिहावे आणि त्याच्या शेजारी ‘ट्राय इट ऑन’ लिहावे. इंग्रजी वाक्याचा अर्थ प्रमाण मराठीच्या वळणावरून जाऊनच कळला पाहिजे असे नाही. ज्या मुलास दोन भाषा ओलांडाव्या लागतात, त्यास एक ओलांडू द्यावी.

आता मूळ प्रश्न. ‘प्रयत्न करणे’ आणि ‘करून पाहणे’ यांतील भेद मराठीने स्पष्ट राखला आहे. इंग्रजीत दोन्हीकडे ‘ट्राय’च येते, म्हणून घोटाळा होतो. आपल्याकडील शेतातले उदाहरण घ्यावे. ‘त्याने मोटार चालू करण्याचा प्रयत्न केला’ म्हणजे वीज नव्हती किंवा बटन बिघडले होते. मोटार बहुधा चालू झालीच नाही. ‘त्याने मोटार चालू करून पाहिली’ म्हणजे मोटार चालली. विहिरीत पाणी किती आहे, पाइप गळतो का, हे पाहावयाचे होते. पहिल्याचे इंग्रजी ‘ही ट्राइड टु स्टार्ट द पंप’ आणि दुसऱ्याचे ‘ही ट्राइड स्टार्टिंग द पंप’. एकीकडे ‘टु’, दुसरीकडे ‘इंग’. ज्या शिक्षकांना हा भेद इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातून कधी नीट उमगला नसेल, त्यांनी तो मराठीतून पाहावा, लगेच उमगतो.

कपड्यांच्या बाबतीत हाच भेद असा उतरतो. मागच्या वर्षीचा सदरा मुलाच्या डोक्यातून खाली उतरत नाही, काखेत अडकतो, आई ओढते आहे : ‘ही ट्राइड टु पुट ऑन द शर्ट.’ येथे प्रयत्न आहे. दुकानात नवा सदरा त्याने घातला, बटने लावली, हात वर करून पाहिले, आरशापुढे उभा राहिला, मग काढून ठेवला : ‘ही ट्राइड ऑन द शर्ट.’ येथे प्रयत्नाचा प्रश्नच नाही. सदरा सहज अंगात गेला आहे. प्रश्न एवढाच, की तो बसतो का.

‘ऑन’ या शब्दाकडे थोडे अधिक लक्ष द्यावे लागेल. आपण त्याचा अर्थ ‘वर’ असा शिकविलेला असतो : पुस्तक टेबलावर, मांजर भिंतीवर. परंतु वस्त्राच्या संबंधात मराठी ‘वर’ फारसे वापरीत नाही. आपण सदरा अंगात घालतो, जोडा पायात घालतो, अंगठी बोटात घालतो, बांगड्या हातात भरतो, शाल अंगावर घेतो आणि चष्मा डोळ्यांना लावतो. मराठीच्या दृष्टीने पाय आत जातो, म्हणून ‘पायात’ म्हणावयाचे असे म्हटले, तर जोड्यात पाय की पायात जोडा, हा प्रश्न उरतोच. भाषा तर्काने चालत नाही, याचे हे बरे उदाहरण आहे. इंग्रजीने मात्र येथे एकच नियम धरला आहे : जे काही शरीरावर चढविले जाते, ते सर्व ‘ऑन’. टोपी ऑन, जोडा ऑन, अंगठी ऑन, चष्मा ऑन. काढले की ‘ऑफ’. म्हणून मुले ‘शूज इन माय फीट’ असे लिहितात, तेव्हा ती मराठीशी प्रामाणिक राहून इंग्रजीत चुकत असतात. त्यांस लाल खूण करून सोडून न देता, इंग्रज मनुष्य कपड्याकडे कोठून पाहतो ते सांगावे. दिव्याचे बटन ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ प्रत्येक मूल जाणते, कपड्यांचेही तसेच.

मराठीत तर प्रत्येक वस्त्रास स्वतंत्र क्रियापद आहे. सदरा घालतात, धोतर आणि लुगडे नेसतात, फेटा बांधतात, घोंगडी पांघरतात. ही आपली श्रीमंती होय. इंग्रजीत या सर्वांस ‘पुट ऑन’ चालते, म्हणून मुलांस इंग्रजी सोपे वाटावयास हरकत नाही. तथापि ‘ट्राय ऑन’ सर्वत्र सारख्या सहजतेने चालत नाही, आणि याचे कारण व्याकरणात नसून वस्त्रात आहे. धोतर, लुगडे, फेटा, उपरणे ही न शिवलेली वस्त्रे. ती कोणाच्याही अंगास होतात. निऱ्या कमीअधिक केल्या की झाले. मापाचा प्रश्न उद्भवतो तो शिवलेल्या कपड्यात. आजी लुगडे घेताना पोत पाहील, काठ पाहील, फार तर पदर खांद्यावर टाकून रंग खुलतो का पाहील. ते आपल्याला ‘होईल’ का, असे ती विचारणार नाही. होळीपूर्वी सातपुड्याच्या भागात भोंगऱ्याचे बाजार भरतात, तेथे नवे कपडे आणि दागिने यांची मोठी खरेदी होते. तेथे जाऊन आलेल्या मुलांना विचारावे, कोणकोणत्या वस्तू घालून पाहिल्या आणि कोणत्या नुसत्या हातात घेऊन पाहिल्या. वर्गात फळ्याचे दोन भाग होतील आणि ‘ट्राय ऑन’चे क्षेत्र मुलांच्याच तोंडून ठरेल.

शब्दांचा क्रम ही यापुढची पायरी होय. परीक्षेत सर्वाधिक गुण जातात ते येथेच. ‘ट्राय ऑन द शर्ट’ बरोबर आहे. ‘ट्राय द शर्ट ऑन’ हेही बरोबर आहे. परंतु ‘शर्ट’च्या जागी ‘इट’ हे सर्वनाम आले की एकच क्रम उरतो : ‘ट्राय इट ऑन’. ‘ट्राय ऑन इट’ चालत नाही. पुष्कळ ठिकाणी हा नियम म्हणून पाठ करवून घेतात आणि आठ दिवसांत तो विसरला जातो. त्याचे कारण सांगितले तर टिकतो.

कारण असे की इंग्रजी वाक्याचा भार साधारणतः शेवटाकडे पडतो. जे नवे आणि महत्त्वाचे ते शेवटी. ‘इट’ हे सर्वनाम हलके आहे. कशाविषयी बोलणे चालले आहे ते आधीच माहीत असते, म्हणून त्यावर जोर देण्यासारखे काही नसते. तो बिचारा शब्द मध्ये दडून बसतो आणि जोर ‘ऑन’वर पडतो. तोंडाने म्हणून पाहावे : ‘ट्राय इट ऑन’. इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी ते तीन शब्द राहत नाहीत, ‘ट्रायिटॉन’ असे सलग येते. मुलांकडून हे असेच, ताल धरून म्हणवून घ्यावे. ‘पुट इट ऑन, टेक इट ऑफ, ट्राय इट ऑन’. तोंडाला वळण लागले की ‘ट्राय ऑन इट’ हे कानालाच खटकू लागते आणि नियमाचे काम उरत नाही.

एक शंका चौकस शिक्षक विचारतात : मग ‘लुक अ‍ॅट इट’ बरोबर कसे? तेथे ‘लुक इट अ‍ॅट’ का नाही? शंका योग्य आहे. ‘लुक अ‍ॅट’मधील ‘अ‍ॅट’ हे शब्दयोगी अव्यय आहे. ते पुढच्या शब्दाला जोडलेले आहे, मराठीतील ‘कडे’ जसे ‘त्याच्याकडे’मध्ये जोडलेले असते तसे. ते त्याच्यापासून तोडता येत नाही. ‘ट्राय ऑन’मधील ‘ऑन’ पुढच्या शब्दाचे नव्हेच. सदऱ्याच्या वर काही नाही. सदराच अंगाच्या वर आहे, आणि अंगाचा तर वाक्यात उल्लेखही नाही. ‘ऑन’चा संबंध क्रियापदाशी आहे. सहावीतल्या त्या मुलाने ‘या सदऱ्यावर’ असा अर्थ केला, तो ‘ऑन’ला पुढच्या शब्दाशी जोडल्यामुळे. कोणतेही जोडक्रियापद आले की सर्वनाम मध्ये जाते की मागे राहते एवढे पाहावे. त्यावरून ते अव्यय कोणाचे आहे हे बहुधा कळते.

कर्म लांबलचक असेल तर मात्र ते शेवटीच ठेवावे. ‘मामांनी सुरतेहून आणलेला निळा सदरा घालून पाहा’ याचे इंग्रजी करताना ‘ट्राय’ आणि ‘ऑन’ यांच्या मध्ये हा सारा संसार घातला, तर ऐकणारा ‘ऑन’ येईपर्यंत ‘ट्राय’ विसरून जातो.

भूतकाळी ‘ट्राइड ऑन’, चालू काळी ‘ट्राइंग ऑन’. ‘ऑन’ला काही होत नाही. ‘डिड यू ट्राय इट ऑन?’ या प्रश्नात ‘डिड’ आल्यावर पुन्हा ‘ट्राइड’ लिहू नये. एवढे पुरे.

‘पुट ऑन’, ‘वेअर’ आणि ‘ट्राय ऑन’ हे तीन मुलांस एकच वाटतात, कारण मराठीत तिहींस ‘घालणे’ म्हणून वेळ निभावते. ‘पुट ऑन’ ही कपडे चढविण्याची क्रिया आहे, एका मिनिटात संपणारी. ‘वेअर’ ही अंगावर असण्याची स्थिती आहे. गणवेश सोमवारी सकाळी ‘पुट ऑन’ करावा आणि सायंकाळपर्यंत ‘वेअर’ करावा. ‘ट्राय ऑन’मध्ये कपडा घातला जातो तो काढण्याच्याच तयारीने, अजून तो आपला झालेला नसतो. मग येतात ‘फिट’ आणि ‘सूट’. मापाला बसणे ते ‘फिट’, शोभणे ते ‘सूट’. ‘हा सदरा मला होतो’ याचे भाषांतर एका वहीत ‘धिस शर्ट बिकम्स मी’ असे केलेले पाहिले. मौज अशी की हे वाक्य इंग्रजीत निरर्थक नाही. ‘बिकम’चा एक जुना अर्थ ‘शोभणे’ असा आहे, आणि त्या मुलाने नकळत ‘हा सदरा मला शोभतो’ असे लिहिले होते. अर्थात गुण देता येत नाहीत. पण शिक्षकाने हसून समजावून सांगण्यासारखे आहे.

पाठ घेण्यास सर्वांत योग्य दिवस गणवेशवाटपाचा. समग्र शिक्षा योजनेतून मुलांस गणवेश मिळतात. २०२४-२५ साली राज्यभर एकच गणवेश देण्याची योजना राबविली गेली, आणि २०२५-२६ पासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. समिती जवळची असल्यामुळे माप चुकले तर बदलून घेणे शक्य असते. मात्र माप चुकले हे कोणीतरी सांगितले पाहिजे. आपल्या मुलांचा स्वभाव आपण जाणतो. फुकट मिळालेल्या वस्तूस नाव ठेवू नये असे घरी शिकविलेले असते. सदरा काखेत रुतत असला तरी मूल ‘बरा आहे गुरुजी’ म्हणते आणि वर्षभर हात खाली ठेवून बसते. कित्येकदा पालकच वाढत्या अंगाचा म्हणून ढगळ कपडा मागतात, ते समजण्यासारखे आहे. परंतु तंग कपडा कोणीही मागितलेला नसतो. त्या दिवशी इंग्रजीच्या तासाला हा संवाद घ्यावा. शिक्षक म्हणतील, ‘हिअर इज युवर शर्ट. ट्राय इट ऑन.’ मूल घालून पाहील. ‘डझ इट फिट?’ ‘यस, सर, इट फिट्स,’ किंवा ‘नो, सर, इट इज टू टाइट.’ ‘टेक इट ऑफ. ट्राय धिस वन ऑन.’ पाठातले वाक्य म्हणून का होईना, ‘तंग आहे’ हे शब्द मुलाच्या तोंडून निघतात, आणि शिक्षकांनी ते त्याच वेळी वाटपाच्या नोंदवहीत टिपून घ्यावेत. इंग्रजी बोलण्याचा भ्याड मुलांनाही धीर येतो, कारण वाक्य खोटे नसते. सदरा खरोखरच तंग असतो.

येथे एक पथ्य पाळावे. कोणाही मुलास वर्गासमोर अंगातला कपडा उतरवावयास लावू नये. एखाद्याच्या सदऱ्याच्या आत फाटका बनियन असतो, एखाद्याच्या आत काहीच नसते. वर्गात टोपी, चपला, स्वेटर यांवर पाठ घ्यावा. गणवेश घालून पाहण्यास वेगळी खोली द्यावी, मुलींसाठी शिक्षिकांनी किंवा समितीतील भगिनींनी व्यवस्था पाहावी, आणि मुलाने बाहेर येऊन आपले वाक्य सांगावे. चपलांचा आणखी एक लाभ आहे. चपला दोन, म्हणून तेथे ‘ट्राय देम ऑन’ म्हणावे लागते. पँट आणि चष्मा मराठीत एकच, पण इंग्रजीत ती अनेकवचनी, म्हणून तेथेही ‘देम’. हे सांगितले की मुले हमखास विचारतात, ‘एका चष्म्याला अनेकवचन कसे?’ काचा दोन असतात, एवढे उत्तर त्या वयास पुरते.

वरच्या वर्गांत ‘ट्राय आउट’ येते. त्यासाठी आपल्या तालुक्यात सारंगखेड्याच्या यात्रेसारखे साधन नाही. दत्तजयंतीस तापीकाठी एकमुखी दत्ताच्या या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि मुलांनी तो पाहिलेला असतो. घोडा घेणारा त्यावर बसून त्याला फिरवून पाहतो, चाल पाहतो, तो बुजतो का ते अजमावतो. हे ‘ट्राय आउट’ : वस्तू किंवा प्राणी प्रत्यक्ष कामास लावून त्याची परीक्षा करणे. घोडा ‘ट्राय ऑन’ करता येत नाही, कारण तो अंगावर घालावयाचा नसतो. असे सांगताच वर्ग हसतो आणि भेद कायमचा लक्षात राहतो. त्याच बाजारात घोड्याच्या अंगावर खोगीर ठेवून ते बसते का पाहतात. खोगीर घोड्यावर चढते, म्हणून तेथे ‘ऑन’ शोभते. परंतु ‘ट्राय ऑन’ म्हटले तर खोगीर घोड्याने स्वतः घालून पाहिले असा अर्थ होईल. म्हणून तेथे ‘ट्राय द सॅडल ऑन द हॉर्स’ असे सरळ वाक्य करावे. या वाक्यातील ‘ऑन’ मात्र पुढच्या शब्दाचे आहे, ‘घोड्यावर’ या अर्थाचे. सातवी-आठवीच्या हुशार मुलांना दोन्ही ‘ऑन’ शेजारी लिहून फरक विचारावा.

शिक्षकांच्या माहितीसाठी इतकेच, की बोलीभाषेतील इंग्रजीत ‘ट्राय इट ऑन’चा आणखी एक अर्थ आहे : समोरचा कितपत खपवून घेतो हे अजमावण्यासाठी लबाडी करून पाहणे. नव्या गुरुजींच्या तासाला पहिल्या दिवशी मागच्या बाकावरील मुले जे करतात, ते. कथापुस्तकात हा प्रयोग आढळला आणि जवळपास सदरा, टोपी, जोडा काही दिसत नसेल, तर हा अर्थ घ्यावा. वर्गात तो शिकविण्याची आवश्यकता नाही. मुलांना ती विद्या अवगत असते.